केबल कापली त्याची गोष्ट

इंजिनिअर मुलाला घरखर्चाचा हिशोब कधीही विचारू नये. तो लगेच एक्सेल उघडतो!

जानेवारी २०२३ मध्ये मी नेमकं तेच केलं. डोंबिवलीच्या घरी केबलचं बिल हातात घेतलं. ट्रायच्या २०१९ च्या नियमांनी बिलाचे दोन भाग झाले होते. आधी नेटवर्कचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पे चॅनल्सचे पैसे वेगळे. घरात फायबर तर आधीच होतं. मग काय, टीव्हीला स्टिक लावली, दोन ॲप्सची वर्गणी भरली आणि केबलवाल्याला म्हटलं, "बंद करा."

"अरे, नीट विचार कर हं," बाबा म्हणाले. पण ऐकतो कोण!

पहिला दणका मे महिन्यात. आयपीएलची फायनल, पावसामुळे मध्यरात्र उलटलेली. शेवटच्या दोन चेंडूंवर चेन्नईला १० धावा हव्या, समोर जडेजा. बाबा खुर्चीच्या टोकावर. आमचा मोहित शर्मा अजून रनअपवर उभा, आणि समोरच्या बिल्डिंगमधून एकच जल्लोष!

"मारली वाटतं त्याने," बाबा शांतपणे म्हणाले.

मी लगेच लेक्चर सुरू केलं. स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात. असे दोन-चार तुकडे जमा झाल्यावरच प्लेअर दाखवायला लागतो, म्हणून आपण केबलच्या मागे... बाबांनी हात वर केला. तेवढ्यात पुढच्या चौकाराचाही जल्लोष ऐकू आला.

आईच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. ॲपवर तिच्या मालिकेचा भाग टीव्हीच्या आधी यायचा. पहिले काही दिवस ती खूश. सकाळीच सगळं बघून मोकळी! पण शेजारच्या काकू रात्री आठला बघणार. त्यांना आधी सांगायची सोय नाही, आणि त्यांचं बघून होईपर्यंत हिचं सगळं शिळं झालेलं. जाहिराती लागल्या की दोघींच्या दारात गप्पा रंगायच्या, त्या बंदच झाल्या.

मॅच मागे, मालिका पुढे. आमचं घर सोसायटीच्या घड्याळातूनच बाहेर पडलं होतं. माझ्या एक्सेलमध्ये या गोष्टीचा कॉलमच नव्हता.

जूनमधल्या एका शनिवारी पुण्याहून घरी गेलो. रात्रीचे आठ वाजलेले, ४३ इंची टीव्ही बंद, बाबा पेपर वाचतायत. "आई कुठाय?" बाबांनी शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. आतून मालिकेचं टायटल साँग ऐकू येत होतं. सकाळी बघितलेला भाग आई काकूंसोबत पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत होती.

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला फोन केला. नवीन वायरचे किती होतील, विचारलं.

"वायर काढलीच नव्हती साहेब. गच्चीत गुंडाळून ठेवलीय," तो म्हणाला.

असो. स्टिक आता पुण्याच्या रूमवर आहे. मॅच लागली की मी खिडकी बंद करून बसतो.