निकाल केवळ मिनिटांचा नव्हे

शर्यतीचा निकाल हाती आला की नजर प्रथम वेळेवर जाते. वयाच्या ६८व्या वर्षी मुंबई मॅरेथॉनमधील अर्धमॅरेथॉनचे २१ किलोमीटर मी पूर्ण केले. आदल्या वर्षापेक्षा ११ मिनिटे अधिक लागली. ही पीछेहाट नव्हे. वयपरत्वे हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती उतरते, स्नायूंचे बळ घटते. त्याच अंतराला अधिक वेळ लागणे स्वाभाविकच. पेडर रोडचा चढ मी या खेपेस चालत चढलो, आणि दुसऱ्या दिवशी घराचा जिना कठड्याचा आधार न घेता उतरलो. माझ्या लेखी हा निकाल मोलाचा.

पारपत्रानुसार शंभर वर्षांच्या फौजासिंगांनी २०११ मध्ये टोरोंटोची पूर्ण मॅरेथॉन आठ तासांहून अधिक वेळात पार केली. त्यांच्या मिनिटांचा हिशेब कोण मांडतो?

आपल्या घरातील ज्येष्ठ धावून परतल्यावर ‘किती वेळ लागला?’ याआधी ‘छातीत दुखले का? चक्कर आली का?’ असे विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास पदकाचे कौतुक नंतर. आधी डॉक्टरांना गाठावे.