जाम घाट, नर्मदेचं पाणी आणि आमची घरगाडी

इंदूरहून महेश्वरला जायला दोन रस्ते आहेत. एक आग्रा-मुंबई महामार्गाने मानपूरचा घाट उतरून धामनोदवरून जातो. दुसरा महूहून निघतो, जाम दरवाज्यापाशी माळव्याचं पठार सोडतो आणि वळणं घेत मंडलेश्वरला उतरतो. आपल्यापैकी बहुतेकांनी हा दुसरा रस्ता पावसाळ्यात पाहिलेला असतो. धुकं, दरीत उतरणारे ढग, भाजलेला भुट्टा आणि दरवाज्यासमोर फोटोसाठी गर्दी. मला मात्र त्याची खरी ओळख यंदा मार्च महिन्यात झाली, डोंगरावर पळस फुललेला असताना, आणि तीही एका रेडिएटरमुळे.

जाम दरवाजा अहिल्याबाईंनी 1791 साली बांधला. त्यांची राजधानी खाली नर्मदेकाठी महेश्वरला, म्हणजे निमाडात. इंदूर वर माळव्यात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, महेश्वर 150 मीटरच्या आसपास, आणि मधली घाटाची कड इंदूरहूनही उंच. त्यामुळे खाली जाताना सगळे खुशीत असतात. परत येताना मात्र बैलगाडी असो, घोडा असो की डिझेलची गाडी, प्रत्येकाच्या दमाची परीक्षा होते.

या चढावरून आणखी एक प्रवासी रोज वर येतो, तो म्हणजे आपल्या नळाचं पाणी. मंडलेश्वरजवळच्या जलूदला नर्मदेचं पाणी उचलतात, पंपांनी 500 मीटरहून जास्त चढवतात आणि सुमारे 70 किलोमीटरवरच्या इंदूरला आणतात. हे 1978 पासून चाललं आहे. आजी सांगते की पहिल्यांदा नर्मदेचं पाणी आलं त्या दिवशी तिने नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. "ती एवढा डोंगर चढून आपल्याकडे आली, आपण तिच्याकडे एकदा जायला नको का?" हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

जायचं म्हणजे परिक्रमेला. आजी आता 82 वर्षांची आहे. पायी परिक्रमा शक्य नाही, आणि रोज नवीन धर्मशाळेत उतरून नवीन जिने चढणंही शक्य नाही. तिचं इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. म्हणून काकांनी गेल्या वर्षी एक जुनं मोटरहोम घेतलं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेलं, डिझेलचं, 12 वर्षांचं. आत दोन बिछाने, छोटा ओटा, फ्रिज, बाथरूम आणि 100 लिटरची पाण्याची टाकी. घरात सगळे त्याला 'घरगाडी' म्हणतात.

घरगाडी घेऊन काका आणि बाबा पहिल्यांदा धामनोदला गेले. येताना मानपूरच्या घाटात तापमानाचा काटा अर्ध्यावरून पाऊणवर आणि तिथून लाल पट्टीकडे सरकायला लागला. काकांनी योग्य तेच केलं. एसी बंद केला, आतला हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता केबिनमधून बाहेर पडेल, आणि सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घेतली. इंजिन काही मिनिटं संथ चालू ठेवून मग बंद केलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. ते झाकण आतला दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना ते उघडलं की दाब सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका मेकॅनिकने सोपा इलाज सांगितला: "थर्मोस्टॅट काढून टाका, सगळेच काढतात." काकांना पटलं, बाबांनाही. मला पटलं नाही, आणि आमच्या घरात काकांना 'नाही' म्हणणं ही साधी गोष्ट नाही. मी सॉफ्टवेअरवाला, त्यात माझी बीई कॉम्प्युटरची. "इंजिन म्हणजे ॲप नव्हे रे," असं बाबा म्हणालेच.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी इंजिनातच फिरू देतो, म्हणजे इंजिन लवकर तापून नीट चालायला लागतं. पाणी साधारण 80-85 अंशांवर गेलं की तो वाट उघडतो. अनेक डिझेल इंजिनांत हाच दरवान उघडताना दुसरी, परतीची जवळची वाट बंद करतो. त्यालाच काढून टाकलं तर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातं. म्हणजे घाटात फायदा तर नाहीच, उलट तोटा. "काका, दोन रविवार द्या," मी म्हटलं. "आधी साफ करू. मग तुम्ही म्हणाल ते."

पहिल्या रविवारी फक्त तपासणी केली. एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. इंजिन गरम करून रेडिएटरच्या जाळीवर वरपासून खालपर्यंत ठिकठिकाणी रोखला आणि आकडे वहीत मांडले. वरच्या टाकीजवळ 90च्या घरात. तिथून तापमान खाली सावकाश उतरायला हवं. पण डाव्या बाजूचा मोठा तुकडा 50च्या आतच होता. गार भाग म्हणजे छान थंड होणारा भाग नव्हे, तिथपर्यंत गरम पाणी पोचतच नाही. नळ्या आतून बुजलेल्या होत्या. झाकण उघडलं (गाडी रात्रभर थंड झाल्यावर!) तर कूलंटचा हिरवा रंग कुठेच नाही, चहाच्या रंगाचं पाणी. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी भरलं असावं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने पितळेच्या तपेलीत कसा पांढरा थर धरतो, ते प्रत्येक घराला माहीत आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. हा थर उष्णता अडवतो, गंज त्याला जाऊन चिकटतो, आणि वाट अरुंद होत जाते.

दुसऱ्या रविवारी साफसफाई, आणि सुरुवात बाहेरून. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक लोक थेट आतल्या सफाईकडे वळतात. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट असते. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. आम्ही गॅसच्या नळ्या न सोडता कंडेन्सरचे बोल्ट काढून तो जरा पुढे झुकवला. मध्ये धूळ, किडे, गवताच्या कुसळांचा आणि तेलकट काजळीचा नमदा बसला होता, अक्षरशः उचलून काढता येईल असा. ब्रशने कोरडं झाडलं, सौम्य साबणाचं पाणी फवारलं, आणि मग इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूला साध्या पाइपने पाणी मारलं. घाण ज्या दिशेने आत आली त्याच्या उलट दिशेने बाहेर काढायची. सर्व्हिसिंगवाल्यांचं जोराच्या धारेचं यंत्र इथे नको. पातळ पत्रे वाकले की हवेची वाट कायमची बंद.

मग आतून. इंजिन थंड असताना खालचा होज पाइप सोडून पाणी बादल्यांत काढलं. बाजारात मिळतं ते रेडिएटर धुण्याचं औषध डबीवर लिहिलेल्या प्रमाणात साध्या पाण्यात घातलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, म्हणजे हीटरची छोटी जाळीही धुतली जाते, आणि वरचा पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवलं. वरचा पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि औषध सगळीकडे फिरलं. शेजारच्या एका काकांनी बाथरूमचं ॲसिड सुचवलं होतं. ते ॲल्युमिनियम खातं, तेव्हा कोणी करू नये. गाडी थंड होऊ दिली, पाणी काढलं, आणि पाइप उलटा लावून खालून वर पाणी सोडलं. आधी तांबूस गाळ आला, मग पापुद्रे, मग गढूळ पाणी, शेवटी स्वच्छ. चार वेळा हे केलं. तरी थर्मामीटरवर एक पट्टा गारच राहिला.

तेव्हा देवास नाक्याजवळच्या एका रेडिएटरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी रेडिएटर उलटसुलट करून पाहिला. तो तांब्या-पितळेचा निघाला, हे आमचं नशीब. त्यांनी वरच्या टाकीचं डाग तापवून सोडवलं आणि प्रत्येक नळीतून पातळ पोलादी पट्टी सावकाश घालून काढली. प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला हा उपचार होत नाही, तो सहसा बदलावाच लागतो. टाकी पुन्हा डागून त्यांनी हौदात बुडवून हवा भरली आणि बुडबुडे येत नाहीत हे काकांना दाखवलं. काका तिथे दोन तास स्टुलावर बसून होते. त्यांचं मत तिथेच बदललं असावं, पण ते तसं म्हणाले नाहीत.

आमचं शहर स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतं, तेव्हा एक गोष्ट सांगायलाच हवी. जुनं कूलंट गटारात किंवा झाडाला ओतायचं नाही. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री, गाई ते चाटतात आणि दगावतात. आम्ही काढलेलं सगळं पाणी कॅनमध्ये भरून वर्कशॉपच्या टाकाऊ तेल-कूलंटच्या पिंपात दिलं.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं. नवीन थर्मोस्टॅट, नवीन झाकण, दोन नवीन होज पाइप. हवा अडकू नये म्हणून गाडीचं तोंड जरा चढावर ठेवून सावकाश भरलं. आजी खुर्चीवर बसून बघत होती. तिने विचारलं, "यात थोडं नर्मदेचं पाणी घातलं तर?" मी म्हटलं, "आजी, नर्मदेत क्षार असतात. प्यायला चांगले, रेडिएटरला वाईट." ती म्हणाली, "मग बाटलीत घेऊ. परिक्रमेत बाटलीच बरोबर न्यायची असते."

चाचणी जाम घाटातच घ्यायची ठरली, आणि दुपारी, कारण सकाळच्या गारव्यात पास झालेली गाडी परिक्रमेत काय कामाची? आजीने घरी थांबावं असं बाबांचं म्हणणं होतं. ती म्हणाली, "माझं वजन नसेल तर चाचणी कसली?" टाकी पूर्ण भरली, फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवलं आणि आम्ही सहा जण निघालो.

महेश्वरला संध्याकाळी पोचलो. किल्ल्याच्या पायऱ्या आजीला झेपत नाहीत, म्हणून तिला खालून घाटापर्यंत नेलं. ती पाण्यात पाय सोडून बसली. काठावर दिवे सोडत होते, वर वाड्याची भिंत काळी होत गेली. ती फार काही बोलली नाही. रात्री जेवण घरगाडीतच: पिठलं, भात आणि इंदूरहून आणलेली शेव.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मंडलेश्वर सोडलं. बाहेर 38 अंश. चढ सुरू झाला तसा काकांनी दुसरा गिअर टाकला. घाटात हेच कठीण असतं: इंजिन पूर्ण जोर लावत असतं, पण वेग कमी, म्हणून समोरची हवा कमी, आणि सगळी भिस्त पंख्यावर. मी दर किलोमीटरला काटा वहीत लिहीत होतो. अर्धा. अर्धा. अर्ध्याच्या किंचित वर. तिथे पंख्याचा आवाज एकदम वाढला, बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कोणी काही बोललं नाही. पुढच्या वळणावर काटा परत अर्ध्यावर आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. एसी चालूच होता.

जाम दरवाज्यापाशी थांबलो. मार्चमध्ये तिथे गर्दी नसते. खाली निमाड उन्हात धुरकट दिसत होतं. नर्मदा दिसत नव्हती, पण कुठल्या बाजूला आहे ते आजीला बरोबर कळत होतं. काका बॉनेट उघडून दोन मिनिटं उभे राहिले, मग म्हणाले, "थर्मोस्टॅट राहू दे."

परिक्रमा चातुर्मासात करत नाहीत, म्हणून देवउठनी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघायचं ठरलं आहे. नदीच 1312 किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही काठ मिळून 2600च्या वर, आणि रस्त्याने त्याहून जास्त. वाटेत अमरकंटक, 1000 मीटरहून उंच. निघण्याआधी पुन्हा एकदा जाळी झाडायची, होज पाइप दाबून बघायचे आणि कूलंटची पातळी पाहायची, हे माझ्याकडे. डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन आणि नर्मदेची बाटली वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची, हे आजीकडे.

मंडळातल्या कोणी आजी-आजोबांना घेऊन गाडीने परिक्रमा केली असेल तर जरूर कळवा. अमरकंटकच्या चढाविषयी आणि वाटेतल्या मुक्कामांविषयी आम्हाला खूप विचारायचं आहे.