अल खोरला भेटलेलं हर्णै

बरवा अल बराहाचं नाव मंडळाच्या कार्यक्रमांत सहसा निघत नाही, आणि निघालंच तर "ते नक्की कुठं आलं हो?" असा प्रश्न येतो. तेव्हा आधी पत्ता सांगतो. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियाला लागून कामगारांसाठी बांधलेली ही भली मोठी वसाहत. इमारती इतक्या एकसारख्या, की नवा माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी दुसऱ्याच्याच खोलीचं दार वाजवतो. पहाटे बसेस भरून जातात, संध्याकाळी भरून येतात. बायकामुलं इथं कुणाचीच नाहीत. ती फोनमध्ये असतात.

आमच्या खोलीत आम्ही चौघे मराठी. एक सोलापूरचा, एक कोल्हापूरचा, एक दापोलीचा आणि एक पाजपंढरीचा. पाजपंढरी म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात हर्णै बंदराला चिकटून असलेली कोळ्यांची वस्ती. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. हा आमचा पाजपंढरीकर इथं रिगर आहे. क्रेनला माल बांधायचा, दोर-साखळ्या तपासायच्या. "गाठी मारायला आम्हाला शाळा लागत नाही," असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे.

गेल्या जानेवारीत त्याच्या थोरल्या भावाचा फोन आला. बोटीचं इंजिन बसलं होतं. "पैसे पाठवतोस, की बोट विकून टाकू?" एवढाच प्रश्न. त्यानंतर आठवडाभर आमचा गडी मुकाट्यानं जेवत होता. शेवटी शुक्रवारी एका ओळखीच्याची गाडी मिळवली आणि त्याला घेऊन निघालो अल खोरला. दोह्याच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटर. बोटी बघून त्याचा जीव रमेल, असा आमचा साधा हिशोब.

वाटेत अल बैत स्टेडियम लागतं. भल्या थोरल्या तंबूसारखं. २० नोव्हेंबर २०२२ ला वर्ल्ड कपचा पहिला सामना इथंच झाला. सोलापूरकरानं नेहमीप्रमाणे त्या दिवसांच्या गोष्टी सुरू केल्या, पण पाजपंढरीकर खिडकीबाहेर बघत होता. गाव आलं, पाणी दिसलं, तसा तो एकदम सावरून बसला. "ही तर खाडी आहे रे!" बरोबरच होतं. अरबीत 'खोर' म्हणजे खाडीच. गावाचं नावच खाडी.

धक्क्यावर लाकडी आणि फायबरच्या बोटी शेजारी शेजारी लागलेल्या होत्या. काठावर तारेच्या जाळीचे अर्धगोल पिंजरे एकावर एक रचून ठेवलेले. यांना इथं गरगूर म्हणतात. आत आमिष ठेवून पिंजरा समुद्राच्या तळाशी सोडायचा. एका बाजूला नरसाळ्यासारखं तोंड असतं, त्यातून मासा आत शिरतो, आणि मग बाहेरची वाट त्याला सापडत नाही. हामूर, म्हणजे आपल्याकडचा गोब्रा, मुख्यतः असाच धरतात. सोलापूरकर पिंजऱ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे आपली केस आहे ही!" हसलो सगळेच, पण जरा जपूनच.

एका बोटीवर कन्याकुमारीकडची माणसं होती. मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा झाल्या. बोट कतारी मालकाची, माणसं समुद्रापलीकडची. बर्फ किती, डिझेल किती, किती दिवस बाहेर राहता, असे प्रश्न आमचा गडी भराभर विचारत होता, आणि तेही 'हा आपल्यातला आहे' अशा थाटात उत्तरं देत होते. सुरमईचा विषय निघाला. तिला इथं कनद म्हणतात. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर इथं ती जाळ्यानं धरायला बंदी असते. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद. मासा तोच, बंदीचे महिने वेगळे.

परत फिरताना पाजपंढरीकर म्हणाला, "सगळं आहे इथं. फक्त बायका नाहीत." आधी आम्हाला ती थट्टाच वाटली. पण त्याला म्हणायचं होतं ते वेगळंच.

हर्णैला संध्याकाळचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. किनारा उथळ, त्यामुळे मोठ्या बोटी थेट काठाला लागत नाहीत. त्या पाण्यात उभ्या राहतात आणि मासळी लहान होड्यांतून, बैलगाड्यांतून वाळूवर येते. तिथं ढीग पडतात, टोपल्या लागतात, आणि मग राज्य सुरू होतं ते बायकांचं. बोली लावणं, माल उचलणं, निवडणं, बर्फात घालणं, सुकवणं, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव विकणं. पुरुषाचं काम बोट काठाला लागली की संपतं, बाईचं तिथून सुरू होतं. मासळीचा पैसा होतो तो तिच्या हातात.

बोटीचा हिशोब असतो वाट्याचा. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च आधी वजा. उरेल त्यात बोटीचे वाटे, जाळ्याचे वाटे आणि माणसांचे वाटे. तांडेलाला खलाशापेक्षा जास्त. मिळालं तर सगळ्यांना, नाही मिळालं तर कुणालाच नाही. इथं आपल्याला पगार. मार्च २०२१ पासून कतारमध्ये किमान मूळ पगार १००० रियाल ठरलाय. वादळ येवो, काही होवो, महिना भरला की रक्कम ठरलेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं दापोलीचा किनारा झोडपला. त्या वर्षी घरावर पुन्हा पत्रे चढले ते आपल्या पगारातून, हे पाजपंढरीकर विसरलेला नाही. म्हणून पगाराला नावं ठेवायची आमची छाती नाही.

पण मग बोटीवर कोण? याचं उत्तर आमच्या शेजारच्याच खोलीत आहे. तिथं नेपाळी मुलं राहतात. त्यातल्या एकाचा मामेभाऊ रत्नागिरीकडे बोटीवर खलाशी आहे! कोकणातल्या बंदरांवर नेपाळी खलाशी आता नवलाचे राहिलेले नाहीत. डोंगरातला मुलगा कोकणच्या समुद्रात आणि समुद्रावरचा मुलगा कतारच्या वाळवंटात. दापोलीकर म्हणाला, "मधल्यामध्ये विमान कंपन्यांचं भलं झालं."

अल खोरच्या लोकांनीही हे सगळं आपल्या आधी पाहिलंय. हे गाव मुळात मासेमारीचं आणि मोत्यांचं. उन्हाळाभर बोटी मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात असायच्या. पाणबुडे हंगामाआधी नाखव्याकडून उचल घ्यायचे आणि ती फेडता फेडता म्हातारे व्हायचे. ते मोती जायचे मुंबईच्या बाजारात. आपल्या आजीच्या नथीत जे 'बसऱ्याचे मोती' होते ते याच आखातातले. व्यवहारही रुपयाचा, १९६६ पर्यंत कतारमध्ये रुपयाच चालायचा. पुढे जपानी कल्चर्ड मोती आले, १९२९ नंतर जगभर मंदी आली, आणि धंदा बसला. दुखानला तेल लागलं, १९४९ पासून ते परदेशी जाऊ लागलं, आणि पाणबुड्यांची मुलं कंपनीत पगारावर लागली. बोटी राहिल्या. बोटीवरची माणसं बदलली.

हे ऐकून पाजपंढरीकर बराच वेळ गरगुरांच्या ढिगावर टेकून उभा राहिला. म्हणाला, "म्हणजे आम्हीपण याच वाटेवर. बोट असेल, पण आमच्यातलं कुणी नसेल तिच्यावर." मग विकावी की ठेवावी? आम्ही तिघांनी तीन सल्ले दिले. ज्यांनी आयुष्यात वल्हं धरलेलं नाही त्यांनी, अगदी ठासून.

तेवढ्यात कोल्हापूरकरानं, जो मासळी बाजाराच्या वासानंच बेजार झाला होता, नाकावरचा रुमाल काढून विचारलं, "तुझ्या वहिनीला विचारलंस का रे?"

कुणीच विचारलं नव्हतं. भावानं नाही, यानं नाही. तिथंच फोन लावला. वहिनी लिलावाच्या तयारीत होत्या, मागे नुसता कालवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भावजी, बोट गेली तर मला दुसऱ्याच्या टोपलीवर बोली लावायला लागेल. ते मी करीन. पण घरची मासळी असली की चार पैसे सुटतात, त्यावर मुलांच्या फिया भरते. इंजिनाला अर्धे माझ्या भिशीतून देते. अर्धे तुम्ही पाठवा." आणि वर, "तुम्ही परत या म्हणून बोट ठेवत नाही हां. माझ्यासाठी ठेवतेय."

फोन ठेवल्यावर तो हसला की रडला ते नीट कळलं नाही. पुढच्या शुक्रवारी एक्स्चेंजमध्ये रांगेत त्याच्यासोबत आम्ही तिघेही उभे होतो. त्यानं पाठवलेल्या अर्ध्यात थोडेथोडे आमचेही होते. आता त्या बोटीत आमचा वाटा किती, यावर खोलीत रोज वाद चालतो.

अल खोर कम्युनिटीत राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. सुटीच्या दिवशी मुलांना मॉलमध्ये नेता तसं एकदा धक्क्यावर न्या. गरगूर दाखवा, बोटीवरच्या माणसांशी चार शब्द बोला. आणि कुणी उन्हाळ्यात दापोलीकडे जाणार असेल तर ३१ मेच्या आत जा. बंदी लागली की लिलाव दिसायचा नाही. संध्याकाळी हर्णैच्या वाळूवर उभे राहा आणि आमच्या वहिनींकडून मासळी घ्या. घासाघीस मात्र करू नका. तिच्यात आमचेही पैसे आहेत.