मुंग्या चढल्या

"मुयो वयर चडटात काय रे?"

मे अर्धा उलटला की आईचा हा प्रश्न सुरू होतो. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून न्हाणीघराच्या भिंतीवर टॉर्च मारून बघायचे काम माझ्याकडे. नुसत्या मुंग्या दिसून तिचे भागत नाही. त्या चैत्रापासूनच पाण्याच्या ओढीने माठाखाली, नळापाशी असतात. तोंडात पांढरे काही धरून वर निघाल्यात का, हे तिला हवे असते. (आपण त्यांना अंडी म्हणतो. खरे तर त्या बहुतेक अळ्या नि कोष असतात. अंडी इतकी बारीक की डोळ्यांना धड दिसायचीही नाहीत.)

२०२५ साली मी हा प्रश्न उडवून लावला. रांग चढली होती, तोंडात पांढरे घेऊन. पण गोव्यात पाऊस लागायचा ५ जूनच्या सुमारास, हा माझा कारकुनी हिशेब. लाकडे रविवारी आत घेऊ म्हटले. कोकमाची सोलंही अंगणातच वाळत होती. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात पोचला आणि एकदोन दिवसांत गोव्यात. त्याच्याही आधी पावसाने झोडपून काढले. सोलांना बुरशी आली. लाकडे जूनभर भाणाखाली धुमसत राहिली, आणि त्या धुराने आईचा खोकला बळावला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

म्हणून मुंग्यांना पंचांग कळते असे मी म्हणणार नाही. २०२३ साली मान्सून केरळातच ८ जूनला आला, आमच्या मुंग्या मात्र मे महिन्यातच वर गेलेल्या. वळवाची सर आली, बिळात ओल उतरली, की पिल्ले उचलून कोरड्यात न्यायची, एवढेच त्यांचे शास्त्र. आई तरी तारीख कुठे विचारत होती? रांग दिसली की पुरमेंत आत. पाऊस लांबला तर बिघडते काय!

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या येतात. मुंगीला पंख फुटले म्हणजे मरण जवळ, असे आपण म्हणतो. नरांचे तसेच होते, राणी मात्र पंख टाकून नवे बिऱ्हाड मांडते.

यंदा लाकडे वेळेत आत आली. रांग खिडकीपर्यंत पोचल्याचे आईला सांगितले, तर तिने विचारले, कुठल्या कोपऱ्यातून? तुळशीकडच्या, म्हटले. मग गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेव, म्हणाली.