घराचा सूर

प्रत्येक घराला स्वतःचा एक सूर असतो. आपण त्याच्या आतच राहतो, त्यामुळे एरवी तो कानावर पडत नाही. रात्री मायक्रोफोन जोडावा, हेडफोन चढवावेत, गेन वाढवावा आणि काही न गाता-वाजवता रेकॉर्डिंग सुरू करावं. मग तो हळूहळू पुढे येतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि त्या हेलकाव्याची गुणगुण वायरींतून, चार्जरमधून, भिंतीतल्या फिटिंगमधून पाझरत राहते. ५० हर्ट्झ म्हणजे खर्जाच्याही खालचा स्वर. पण तो एकटा येत नाही. १००, १५०, २०० असा त्याचा गोतावळा बरोबर असतो आणि खरा पेच पडतो तो १०० पाशी. गिटारची सगळ्यांत जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की ‘जी’ वाजतो, तो ९८ हर्ट्झचा. घराचा सूर आणि गिटारचा सूर इतके खेटून बसलेले असताना फिल्टरने गुणगुण कापायला गेलं, तर त्या ‘जी’चा गाभाही सोबत जातो. कॉर्ड वाजतो, पण त्याला बूड राहत नाही.

म्हणून गुणगुणीशी लढायचं ते ती संगणकात शिरण्याआधी. आणि तिचा माग काढण्यात मला खरोखर आनंद वाटतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहावं. गुणगुण नाहीशी झाली, तर दोष चार्जरकडून येणाऱ्या वाटेत आहे. माझ्या गिटारच्या तोंडाशी एका कॉइलचा चुंबकीय पिकअप बसवलेला आहे. खुर्चीवर बसून हळूहळू वळलं की एका दिशेला गुणगुण वाढते, एका दिशेला जवळपास विरते. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र त्या कॉइलला कुठून भिडतंय, ते असं बसल्या जागी कळतं. याच दुखण्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली उलट जोडलेल्या दोन कॉइल्सचा उतारा काढला. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची गुणगुण एकमेकींत खोडली जाते. ज्यांच्याकडे तो पिकअप नाही, त्यांनी खुर्ची फिरवावी. तिला पैसे पडत नाहीत. गुणगुणीऐवजी करकरीत बझ येत असेल, तर आधी दिव्याचा डिमर किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघावा. एक मात्र कळकळीने सांगतो. चार्जरच्या अर्थिंगची पिन काढून टाकली की गुणगुण जाते, असा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. ती पिन जिवासाठी आहे.

धाकटी बहीण गायला बसली की वेगळ्याच अडचणी सुरू होतात. पहिल्या अंतऱ्यालाच ती हेडफोन काढते. “दादा, माझा आवाज मलाच उशिरा येतोय.” तिचं खरं असतं. संगणक आवाजाचे नमुने घेतो, ते काही काळ साठवतो आणि मग पुढे पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असताना १०२४ नमुन्यांचा बफर ठेवला, तर आत येताना २३ मिलिसेकंद आणि बाहेर जाताना आणखी २३ जातात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जवळपास १६ मीटर जातो. म्हणजे गाणारी इथे आणि तिचा गळा इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. अशा स्थितीत कोण लयीत राहील? बफर १२८ वर आणला की हेच अंतर दोन मीटरांवर येतं आणि तिचे खांदे सैल होतात. जुन्या लॅपटॉपला तो वेग झेपत नाही, मग आवाजात तडतड सुरू होते. त्यावर सोपा मार्ग म्हणजे मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर. आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात येतो. ब्लूटूथचे हेडफोन मात्र या कामाला चालतच नाहीत, त्यांचा स्वतःचा उशीर फार मोठा असतो.

पण तिच्या आवाजाला खरी बाधा होती खोलीची. फरशी, उघड्या भिंती, काचेची खिडकी. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की पाठोपाठ एक धातूसारखी थरथर ऐकू यायची. समांतर भिंतींमध्ये आवाज असाच इकडून तिकडे धावत राहतो. आम्ही आजीच्या गोधड्या काढल्या आणि त्या गाणारीच्या पाठीमागे टांगल्या. बरेच जण मायक्रोफोनच्या मागे काहीतरी लावतात. कार्डिऑइड मायक्रोफोनला मागचं कमीच ऐकू येतं, समोरचं नीट ऐकू येतं, आणि त्याच्या समोर गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत असते. आवरण तिथे हवं. गोधड्या टांगल्यावर तिचा आवाज पहिल्यांदा तिच्या गळ्याएवढा झाला. त्याआधी तो खोलीएवढा होता.

मराठी गाण्याची एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजनं पावलोपावली येतात. भ, फ, ध, ख. ‘भक्ती’, ‘फूल’, ‘भिजली’ असं काही आलं की हवेचा झोत थेट मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प असा आवाज उमटतो. मायक्रोफोन तोंडासमोरून काढून ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, वीतभर अंतरावर, थोडा तिरका ठेवला की झोत बाजूने निघून जातो आणि शब्द तेवढा आत येतो. फार जवळ गेलं तर कार्डिऑइड मायक्रोफोन खालचे स्वर फुगवतो, ‘स’ आणि ‘श’ही टोचू लागतात. वीतभराचं हे अंतर गाण्यागणिक थोडं बदलतं. ते कानानेच ठरवायला हवं.

लेव्हलबद्दल थोडकंच. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर सर्वांत जोरकस जागा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला धडकून चेपलेली लाट पूर्ववत होत नाही.

एका दोषाने मात्र आम्हाला चांगलंच चकवलं. गाणं सुरू असताना गिटार हळूहळू पुसट व्हायची आणि बहीण थांबली की पार नाहीशी व्हायची. वायर ठीक, पिकअप ठीक. शेवटी सापडलं ते लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये. गोंगाट दाबणारी एक सोय तिथे आपसूक चालू होती. ती बोलण्यासाठी घडवलेली. माणूस बोलतो ते ठेवायचं आणि जे सलग, स्थिर वाजत राहतं ते पंख्याचं समजून काढून टाकायचं, हा तिचा नियम. लांबवलेला कॉर्ड तिच्या लेखी पंखाच. रेकॉर्डिंगसाठी ही असली प्रत्येक सोय बंदच हवी. तिथेच नमुन्यांचा वेगही पाहून घ्यावा. ४४,१०० ला घेतलेलं गाणं कुठे ४८,००० समजून वाजवलं गेलं, तर पट्टी जवळपास दीड अर्धस्वर वर चढते आणि लयही धावते.

इतकं सगळं झाल्यावर प्रश्न उरतो तो आवाज आणि गिटार वेगवेगळे घ्यावेत की एकत्र. वेगवेगळे घेतले तर दुरुस्ती सोपी, हे मान्य. पण बहीण एखाद्या ओळीच्या शेवटी रेंगाळते तेव्हा माझा हातही थबकतो, आणि आधी वाजवून ठेवलेली गिटार कधी थबकत नाही. १९८२ च्या सुरुवातीला अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, गिटार आणि आवाज मुख्यतः तेवढ्यावर गाणी नोंदवली. हेतू एवढाच की पुढे बँडला ती ऐकवता यावीत. बँडबरोबर ती स्टुडिओत घेतली गेली, पण घरच्या कॅसेटमध्ये होतं ते तिथे उतरेना. मग ती कॅसेटच त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ या नावाने बाहेर आली. आम्ही एकत्रच घेतो. मायक्रोफोनची पाठ गिटारकडे राहील असा तो तिरका करतो, तरी थोडी गिटार आवाजात शिरते. शिरू दे. ती दोघांची एकाच खोलीतली हवा आहे.

तुमच्या घरात कोणी असं गात-वाजवत असेल, तर त्यांना एक संध्याकाळ पंखा, फ्रीज आणि टीव्ही बंद करून द्या. आणि जे रेकॉर्ड होईल त्याची मूळ फाइल, गुणगुणीसकट, कशीही असली तरी एका वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. गोंगाट काढण्याची साधनं वर्षागणिक सुधारत आहेत. साफसफाई करताना आज जो आवाज पुसला जाईल, तो मात्र उद्याच्या कुठल्याही साधनाला परत आणता येणार नाही.