वेगळा मुलगा आणि आजारी मुलगा

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, अशी त्यांतील एक सूचना आहे, आणि खाजगी कोचिंग क्लासही तिच्या कक्षेत येतात. मी भिलाईच्या नेहरू नगरात राहतो. पोलाद कारखान्याच्या या शहरात कोचिंग हा आता दुसरा उद्योग झाला आहे. संध्याकाळी क्लास सुटले की इथले रस्ते पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलांनी भरून जातात. त्या मुलांसाठी ही सूचना स्वागतार्हच आहे. तरीही तिच्या मागोमाग एक प्रश्न येतो. आजार शोधायला निघालेलो आपण केवळ वेगळ्या असलेल्या मुलांनाही आजारी ठरवणार नाही ना?

मनोविकारशास्त्र गरजेपेक्षा अधिक निदाने करते आणि अधिक औषधे देते, हा आरोप जुना आहे. त्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी मोजमाप तपासावे, ही सवय मला भौतिकशास्त्राने लावली.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात, दहा किंवा अधिक गुण ही सीमारेषा धरली तर, ती खऱ्या रुग्णांपैकी ८८ टक्के रुग्णांना ओळखत होती आणि नैराश्य नसलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांना योग्य रीतीने वगळत होती. साधन चांगले आहे. आता समजा, एका संस्थेत १००० विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. हा आकडा मी गणितापुरता गृहीत धरतो. प्रश्नावली त्या ५० पैकी ४४ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणांनाही ती ‘नैराश्य’ म्हणेल. एकूण १५८ नावांची यादी तयार होईल आणि तिच्यातील ७२ टक्के नावे चुकीची असतील. विरळ गोष्ट शोधताना खोट्या संकेतांचा ढीग खऱ्या संकेतांहून मोठा होतो, हे कणभौतिकीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणूनच पहिल्या संकेतावर तिथे कोणी शोध जाहीर करीत नाही. प्रश्नावलीचे गुण हे पुढील तपासणीचे निमंत्रण असते. त्यांनाच निदान मानले, तर ११४ निरोगी मुलांच्या कपाळी एक शब्द चिकटेल.

हा प्रश्न आमच्या घरातही येऊन गेला आहे. ताईचा मुलगा दुसरीत असताना शाळेतून चिठ्ठी आली: जागेवर बसत नाही, लक्ष देत नाही, एडीएचडीसाठी तपासून घ्यावे. एका दवाखान्यात वीस मिनिटांच्या भेटीत निदान झाले आणि गोळीही लिहून मिळाली. ‘अगं, वांड आहे पोरगं, दुसरं काय!’ हे आईचे निदान त्याहूनही झटपट होते. ताईने दोन्ही निदाने बाजूला ठेवली आणि मुलाला दुसऱ्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी सर्वप्रथम त्याची जन्मतारीख विचारली. प्रवेशाच्या वयोमर्यादेत तो अवघ्या चार दिवसांनी बसला होता, त्यामुळे वर्गात सर्वांत लहान होता. डॉक्टर तीनदा भेटले, शिक्षिकेशी बोलले, झोपेची चौकशी केली, डोळे व कान तपासून घ्यायला सांगितले आणि मग म्हणाले, सहा महिने थांबून पाहू. भाचा आता पाचवीत आहे. चुळबूळ अजून करतो, गोळी मात्र कधी सुरू झाली नाही.

जन्मतारखेच्या प्रश्नामागे भक्कम आधार आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशाची मर्यादा ३१ डिसेंबर आहे. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गातील सर्वांत लहान आणि जानेवारीत जन्मलेले सर्वांत मोठे. डिसेंबरच्या मुलग्यांमध्ये एडीएचडीचे निदान जानेवारीच्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक आढळले, तर मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. औषध मिळण्याचे प्रमाण मुलग्यांत ४१ आणि मुलींत ७७ टक्क्यांनी अधिक होते. जन्मवर्ष संपता संपता जन्माला आल्याने मेंदूत विकार निर्माण होत नाही. त्या निदानांतील काही भाग हा केवळ अपुऱ्या वयाला दिलेला वैद्यकीय शब्द होता.

‘पण गोळीने फरक पडला, म्हणजे आजार होताच,’ हा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. १९७८ साली जुडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी पूर्णपणे निरोगी मुलग्यांना डेक्स्ट्रोअँफेटामिनची एकेक मात्रा देऊन पाहिली. त्यांचीही चुळबूळ कमी झाली आणि लक्ष सुधारले. औषधाचा परिणाम होणे हा आजाराचा पुरावा ठरत नाही.

इथे थांबलो असतो, तर हे लेखन अर्धसत्य ठरले असते. पीएच.डी.च्या काळातील माझा एक सहाध्यायी सलग सहा रात्री झोपला नव्हता. विश्वाचे कोडे सुटल्याचे सांगत तो वह्यांमागून वह्या भरत होता. वसतिगृहात त्याला प्रतिभावंत म्हणणारे होते आणि ‘औषधांनी त्याला बधिर करू नका’ असे सुचवणारेही होते. सातव्या दिवशी त्याच्या वडिलांनी त्याला रुग्णालयात नेले. निदान द्विध्रुवीय मनोविकाराचे झाले आणि लिथियम सुरू झाले. या साध्या क्षाराचा उन्मादावरील परिणाम जॉन केड यांनी १९४९ साली नोंदवला होता. माझा मित्र आज शिकवतो, नेमाने रक्तातील लिथियमची पातळी तपासून घेतो आणि म्हणतो, ‘माझा विक्षिप्तपणा आहे तिथेच आहे, फक्त झोप परत आली.’

अशा उपचारांपासून वंचित राहणारे किती? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यांत छत्तीसगढ होते. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. देशात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही. तेव्हा अतिनिदान आणि उपेक्षा एकाच शहरात, कधी एकाच गल्लीत, शेजारी राहतात. माझ्या मते दोहोंचे मूळ एकच आहे: रुग्णासाठी वेळ नसणे. वीस मिनिटांत गोळी लिहिली जाते ती त्यामुळेच, आणि जो दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही त्याच्या वाट्याला ती वीस मिनिटेही येत नाहीत.

मग वेगळेपण आणि आजार यांतील रेषा कुठे ओढायची? २०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, कामविषयक वा राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी कोणी जुळवून घेत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. ही तरतूद उगीच आलेली नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढण्याचा निर्णय १९७३ साली घेतला. जागतिक आरोग्य संघटनेला त्यासाठी १९९० साल उजाडले. तोवर लाखो निरोगी माणसे कागदोपत्री आजारी होती.

त्याच अधिनियमात मानसिक आजाराच्या व्याख्येत मात्र एक निसरडा शब्दप्रयोग आहे: जीवनाच्या सामान्य गरजा भागवण्याची क्षमता. सामान्य कोणी ठरवायचे? सोळाव्या वर्षी दिवसाचे बारा तास पुस्तकासमोर बसणे ही जर सामान्य गरज मानली, तर न बसणारा मुलगा आजारी ठरेल. अशा वेळी औषधाआधी वेळापत्रक तपासायला हवे.

आपल्या भाषेत अशा माणसांसाठी पुष्कळ जागा होती. घुमा, एककल्ली, छांदिष्ट, वल्ली हे शब्द टोचतात, पण माणसाला गावातच ठेवतात. तेराव्या शतकातील ऋद्धिपूरकरांनी गोविंदप्रभूंना वेडे म्हटले आणि ईश्वरही मानले. म्हाइंभटांच्या चरित्रग्रंथात दोन्ही नोंदले आहे. पण या ऐसपैस जागेचा दुसरा अर्थ असाही होतो की, ज्याला उपचारांनी सुख मिळाले असते, तोही ‘वल्ली’ म्हणून आयुष्यभर सोसत राहतो. मी तीन प्रश्न विचारतो. त्रास कोणाला होतो आहे, त्या व्यक्तीला की तिच्याभोवतीच्या व्यवस्थेला? तो किती काळ आणि कुठे कुठे दिसतो, केवळ वर्गात की घरी आणि मैदानावरही? आणि निदान करणाऱ्याने ते चुकू शकते हे धरून पुन्हा तपासण्याची तारीख दिली आहे का?

विद्यार्थिमित्रांनो, हे प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. शंका वाटली तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या. सुरू असलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण काही औषधे एकाएकी थांबवणे घातक असते. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छा हरवू लागली, तर हा लेख बाजूला ठेवून १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक लावा. ती सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते.