गरजेपोटी

'गरजेपोटी घर' हे शब्द ज्याला उमगले, त्याला नवी मुंबई बरीचशी उमगली. 1970 मध्ये नवं शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे-पनवेल-उरणकडची भातशेती आणि मिठागरं संपादित झाली. गावठाणांचा विस्तार मात्र रखडला. घरात सून आली, नातवंडं झाली. लोकांनी जुन्या घराला लागून खोली काढली, कुणी वर माळा चढवला. मग नोटीस आली. तिच्यात शब्द होते 'अनधिकृत बांधकाम', 'अतिक्रमण'. गावकरी त्याच भिंतींना 'गरजेपोटी बांधलेलं घर' म्हणत राहिले, इतक्या चिकाटीने की पुढे शासन निर्णयांतही तेच शब्द उतरले. मला हा फार मोठा विजय वाटतो.

मग अशी खोली काढणं हा गुन्हा का? कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे: कलम लागलं की गुन्हा. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात विनापरवाना बांधकामाला शिक्षा आहेच. पण चोराला चोर म्हणताना जी जीभ अडत नाही, ती खोली काढणाऱ्याला गुन्हेगार म्हणताना अडते. त्या अडण्याला मी फार मानतो.

कायद्याने दिलेलं नाव टिकतंच असंही नाही. 1984 च्या जानेवारीत, 16 आणि 17 तारखेला, जासई आणि नवघरच्या परिसरात जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले. नेतृत्व शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं. अशा गर्दीला कायद्याच्या भाषेत 'बेकायदा जमाव' म्हणायची सोय इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेतच करून ठेवलेली. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. आज त्यांना सगळे, सरकारसुद्धा, हुतात्मे म्हणतात आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना हे त्याच लढ्याचं फळ मानलं जातं. त्या दोन दिवसांत शेतकऱ्यांनी जे केलं त्यात पुढे काही बदललं नाही. बदललं ते त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचं मन. जमीन जाते तेव्हा 'संपादन' आणि तिच्यावर भिंत उभी राहते तेव्हा 'अतिक्रमण', हा शब्दांचा तोल मला आजही खटकतो.

तरी 'गरजेपोटी'ची राखणही करायला हवी. या शब्दाच्या आडोशाने सात-सात मजली इमारती उठल्या, त्यांतले गाळे आणि सदनिका परक्यांना विकल्या गेल्या. ती गरज नव्हे, तो धंदा. 2015 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नवी मुंबईतल्याच दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर हातोडा पडू लागला, तेव्हा रस्त्यावर आली ती आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबं. बातम्यांत ती 'अनधिकृत इमारतींतले रहिवासी' झाली. ज्यांनी खोटे कागद दाखवून त्यांना ती घरं विकली, त्यांच्यासाठी आपल्याकडे 'विकासक' हा शब्द आहे. ज्याच्या हाती खोटे कागद ठेवले तो अनधिकृत आणि ज्याने ठेवले तो विकासक, ही बोली कारवाईच्या कागदांतून आणि आपल्या तोंडातून आधी गेली पाहिजे.